सातव्या वळणावरचं तेल

मोटारसायकलींची ६०० सीसी वर्गाची शर्यत होती, १४ लॅप्सची. सकाळच्या सरावात ट्रॅक ओला होता. दुपारी शर्यत सुरू होईपर्यंत तो खडखडीत सुकला होता. पुढे जे झालं त्याचं मूळ या फरकात होतं, पण ते कळायला संध्याकाळ उजाडली.

सातवं वळण उजवीकडचं, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी. इथे गाड्या ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येतात आणि शंभरच्या आत उतरतात, त्यामुळे कडक ब्रेकिंग असतं. बाहेरच्या बाजूला डांबराची पट्टी, तिच्यापुढे खडीचा सापळा. खडी गोल आणि मटाराएवढी, थर साधारण २५ सेंटिमीटरचा. त्यामागे टायरची भिंत आणि भिंतीपुढे एअर फेन्स, म्हणजे हवा भरलेल्या उशांचं कुंपण. वळणावरच्या पोस्टवर, म्हणजे शर्यतीच्या सुरक्षेची चौकी असते तिथे, आम्ही सातजण होतो: पोस्ट चीफ, रेडिओवाला, दोन फ्लॅगवाले आणि तीन धावणारे मार्शल.

फ्लॅगवाले पाठीला पाठ लावून उभे राहतात. एकाची नजर येणाऱ्या गाड्यांवर असते, त्याच्या हातात निळा, मागून वेगवान गाडी येतेय असं सांगणारा. दुसऱ्याची नजर वळणाच्या पुढच्या भागावर, त्याच्या हातात पिवळा, धोक्याचा. पुढे काही झालं तर पिवळा तिथल्या तिथे वर जातो, मागून गाडी येत असेल तर निळेवाला ओरडतो. दोघं एकाच दिशेला बघत उभे राहिले की पोस्ट निम्मं आंधळं झालं असं समजावं. सगळ्यांचे डगले नारिंगी, कारण पिवळा किंवा लाल कपडा लांबून फ्लॅगसारखा दिसतो. पावसात रेनकोट पारदर्शक हवा तो याचसाठी.

सहाव्या लॅपला चौथ्या क्रमांकावरच्या ३१ नंबरच्या गाडीचा सरळ पट्ट्यावर धूर दिसला. सहा नंबरच्या पोस्टने रेडिओवर कळवलं: निळसर धूर. हा एक शब्द फार कामाचा आहे. पांढरी वाफ असेल तर बहुतेक वेळा पाणी गळतंय. रेसिंगमध्ये कूलंट म्हणून, म्हणजे इंजिन थंड ठेवायला, साधं पाणीच भरायचा नियम असतो, ग्लायकॉल चालत नाही, कारण ते डांबरावर सांडलं की निसरडं होतं आणि धुऊनही पटकन जात नाही. पाणी सांडलं तरी ते निभावतं. निळा धूर म्हणजे तेल, आणि तेल गरम एक्झॉस्टवर पडत असेल तर मागच्या टायरपासून ते फार लांब नसतं.

मागच्या रायडरने डावा हात वर केला होता, म्हणजे त्याला थेंब लागले होते. अशा गाडीला नारिंगी गोल असलेला काळा फ्लॅग आणि नंबरचा बोर्ड दाखवतात. अर्थ सरळ आहे: तुझ्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅक सोड. पण तो रेस कंट्रोलच्या, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या मुख्य कक्षाच्या, हुकमाशिवाय दाखवता येत नाही, आणि धूर दिसल्यापासून ब्रेकिंग पॉइंट येईपर्यंत जेमतेम आठ सेकंद होती. तेवढ्यात हुकूम येऊन बोर्ड लागणं शक्य नव्हतं. रायडरला स्वतःला तेल गळतंय हे कळलं नसावं. इंजिनाची ताकद कमी होते ते कळतं, पण पाठीमागचा धूर दिसत नाही. तो रेसिंग लाइनवरूनच, म्हणजे सगळे रायडर ज्या वाटेने जातात तिथूनच, वळणात शिरला.

ब्रेक लावताच तेलाचा लोट आला. मागून येणारे दोन रायडर त्यावरच पडले.

३१ चं मागचं चाक वळणाच्या तोंडाशी सुटलं. गाडी आणि रायडर आडवे घसरत खडीत गेले आणि तो लगेच उठून उभा राहिला. त्याच्या मागचा, हात वर केलेला रायडर ब्रेकिंगमध्येच पडला आणि डांबराच्या बाहेरच्या कडेला थांबला. तिसऱ्याची गाडी सरळ खडीत शिरली, दोन कोलांट्या खाऊन एअर फेन्सवर आपटली. रायडर तिच्यापासून बराच आधी सुटला होता. खडीचा हा गुण आणि हाच दोष: माणसाला ती लवकर थांबवते, पण आडव्या गाडीचा फूटपेग, म्हणजे पाय ठेवायची दांडी, तिच्यात रुतला की गाडी उलटीपालटी होऊ लागते.

इथे बाहेरच्या माणसाला कळत नाही अशी गोष्ट येते. डोळ्यांसमोर रायडर पडलेला असताना तिन्ही मार्शल भिंतीमागेच थांबले. मागे ११ गाड्यांचा घोळका सुमारे नऊ सेकंदांवर होता. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते, म्हणजे घोळका पाचशे मीटरवर. पडलेल्या माणसाला पहिल्या पडझडीत मोठी इजा झाली नसेल तर त्याला खरा धोका मागून येणाऱ्या चाकाचा. २०१० मध्ये मिसानोला शोया तोमिझावा आणि २०११ मध्ये सेपांगला मार्को सिमोन्चेली, दोघेही पडल्यावर मागच्या गाड्यांची धडक बसून गेले. पहिली पडझड आमच्या हातात नसते. दुसरी थोडीफार असते, आणि ती धावण्याने टळत नाही, फ्लॅगने टळते.

आमच्या पोस्टवर पिवळा आणि तेलाचा, म्हणजे पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा, असे दोन्ही हलू लागले. पण तेल आमच्या पोस्टच्या आधी, ब्रेकिंगच्या जागेत पडलं होतं. आमचा फ्लॅग रायडरला दिसेपर्यंत त्याचं चाक तेलावर असणार. म्हणून चीफने रेडिओवर पहिलं वाक्य सहाव्या पोस्टला दिलं: तेलाचा तुमच्याकडे, आत्ता. नवीन पोस्टवर नेमकं हेच चुकतं. धोका जिथे आहे तिथला फ्लॅगवाला जीव तोडून फ्लॅग हलवतो आणि त्याच्या आधीचा नुसता बघत राहतो.

फ्लॅग साधारण ८० बाय १०० सेंटिमीटरचा असतो. तो हातभर काठीवर नुसता फडफडवला की गुंडाळला जातो आणि लांबून काठीच दिसते. आडवा आठचा आकडा काढत हलवला तर कापड पसरलेलं राहतं. त्या दिवशी वारा समोरून होता. सहाव्या पोस्टवाल्याने कापडाचं खालचं टोक सोडून काठी तिरकी धरली, त्यामुळे पट्टे दिसत राहिले.

दुसरं वाक्य रेस कंट्रोलला: "पोस्ट सात. तीन गाड्या पडल्या. लाइनवर तेल. एक रायडर डांबरावर, हालचाल नाही. लाल फ्लॅगची विनंती, मेडिकलची विनंती." रेडिओवर बोलण्याचा क्रम ठरलेला असतो: जागा, काय झालं, ट्रॅकवर काय आहे, माणूस कसा आहे, काय हवंय. "भयंकर झालंय" या शब्दांनी कंट्रोलला काहीच कळत नाही. लाल म्हणजे शर्यत थांबवली, आणि पोस्टने तो स्वतःहून दाखवायचा नसतो. तो सगळ्या पोस्टवर एकाच वेळी गेला पाहिजे, नाहीतर अर्धे रायडर रेस करत असतात आणि अर्धे सीटवर उठून बसलेले असतात. विनंतीनंतर चार सेकंदांत लाल आला. घोळक्यातले दहाजण हात वर करून आतल्या बाजूने हळू निघून गेले. अकरावा वळणाच्या बाहेर गेला, पण खडीत उभाच राहिला.

चीफची शिट्टी वाजली, मग मार्शल गेले. डांबरावरच्या रायडरकडे दोघं. एकजण येणाऱ्या दिशेला तोंड करून उभा, दुसरा रायडरच्या डोक्याशी गुडघ्यावर. त्याने दोन्ही हातांनी हेल्मेट आहे तसं धरून ठेवलं. हेल्मेट मार्शलने काढायचं नसतं, कुशीवर वळवायचं नसतं, लेदरच्या सूटची चेन उघडायची नसते. श्वास आणि शुद्ध बघण्यापुरती व्हायझर उघडायची आणि "हलू नकोस" म्हणायचं. त्याच्या सूटची एअरबॅग फुगलेली होती. फुगलेल्या बॅगेने छाती आवळल्यासारखी वाटते, आणि पडल्याने दम कोंडलेला रायडर त्या भीतीनेच उठायला बघतो. हवा आपोआप उतरते हे त्याला सांगितलं तर तो बराच शांत राहतो. मेडिकल गाडी आली, मान धरून स्कूप स्ट्रेचरवर घेतलं. मनगट मोडलं होतं, डोक्याला मार लागल्याने काही सेकंद शुद्ध गेली होती.

तिसऱ्या मार्शलने ३१ च्या रायडरला दंडाला धरून भिंतीमागे नेलं. उभा असलेला रायडर ठीकच असतो असं नाही. तो गाडीकडे धावायला निघाला होता, आणि डोक्याला मार बसलेला माणूसही हुबेहूब तसंच करतो. म्हणून त्यालाही तपासणीशिवाय सोडला नाही.

गाड्या उचलताना क्रम चुकला तर बोटं जातात. आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण. खडी अडकून थ्रॉटल उघडा राहिलेला असू शकतो आणि आडव्या गाडीचं इंजिन चालूच असू शकतं. मग क्लच दाबून धरायचा, दोघांनी मिळून हँडलबारच्या मुळाशी आणि सीटखालच्या फ्रेमला धरून उचलायचं. एक्झॉस्ट आणि चेन यांच्या आसपास हात न्यायचा नाही, हातमोजे चामड्याचेच हवेत. दीडशे किलोंच्या वरची वस्तू आहे, पाठीने उचलायला गेलं तर पाठ धरते. ३१ ला मात्र आम्ही ढकललंच नाही. क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या आवरणाला, मुठीएवढं भगदाड होतं. गळणारी गाडी ट्रॅकच्या कडेने ढकलणं म्हणजे साफ करायची जागा स्वतःच वाढवणं. खाली ट्रे सरकवला आणि उचलून गाड्या नेणाऱ्या वाहनावर चढवली.

आता तेल. आधी ते नक्की कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं ते शोधायचं, दोन्ही टोकांना खूण करायची. वरून बघून तेल दिसत नाही. उन्हाकडे तोंड करून, जमिनीलगत डोळे आणून बघावं लागतं. सापडलेला पट्टा सुमारे १३० मीटर लांब होता, हाताएवढा रुंद, आणि कॅम्बरमुळे, म्हणजे ट्रॅकच्या आडव्या उतारामुळे, खाली आतल्या बाजूला ओघळलेला. ओघळ विसरणं ही नेहमीची चूक. दाणेदार शोषक मातीची २० किलोंची नऊ पोती लागली. ती टाकून लगेच झाडायची नाही. कडक झाडूने गोल फिरवत डांबराच्या खाचांत घासायची, दोन-तीन मिनिटं ठेवायची, मग ट्रॅकच्या बाहेर झाडायची. रेसिंग लाइनच्या पलीकडे नुसती सरकवली तर ती पुढच्या लॅपला परत लाइनवर येते. हे दोनदा केलं. तिसऱ्या वेळी बारीक पावडर, कारण उरलेली पातळ साय दाणे शोषत नाहीत. शेवटी ब्लोअर. साबणपाणी मारावं असं एकाने सुचवलं, चीफने नाकारलं आणि बरोबर केलं. ते धुऊन पूर्ण सुकवायला वेळ लागतो, आणि सुक्या टायरवरच्या शर्यतीत ओला तुकडा म्हणजे नवा धोका.

तपासणी सोपी असते: स्वच्छ पांढरा कपडा दाबून पुसायचा, बुटाची टाच फिरवून बघायची. ब्रेकिंगच्या सुरुवातीला कपडा अजून करडा येत होता, तेवढ्या भागावर पुन्हा पावडर.

एवढं होऊनही शर्यत लगेच सुरू होऊ शकत नव्हती. एअर फेन्सच्या एका मॉड्यूलला गाडीच्या लिव्हरने साधारण ६० सेंटिमीटरची चीर पाडली होती. पंख्याने सतत हवा भरलेली ही उशी धडकेला ठरावीक छिद्रांतून हवा सोडते आणि पुन्हा फुगते. चीर पडल्यावर ती बाहेरून फुगलेली दिसली तरी धडकेला दाब धरत नाही. चिकटपट्टी लावून भागवण्याची सूचना आली होती. ती ऐकायची नसते. सुटं मॉड्यूल आणलं, पट्टे आणि जोड बांधले. जोडाचा पदर गाड्यांच्या दिशेने झाकलेला हवा, म्हणजे घसरत येणारा रायडर फटीत अडकणार नाही. नव्या मॉड्यूलला पूर्ण दाब यायला जो वेळ लागतो तो थांबून बघितला. लाल फ्लॅगपासून पुन्हा ग्रिड, म्हणजे सुरुवातीच्या रांगा, लागेपर्यंत ४८ मिनिटं गेली.

शर्यत पूर्ण धरायला लागणारं दोन-तृतीयांश अंतर झालेलं नव्हतं, त्यामुळे दुसरा भाग कमी लॅप्सचा घेतला आणि ग्रिड पहिल्या भागातल्या क्रमाने लागलं. साइटिंग लॅप (ग्रिडवर येण्याआधीची पाहणीची फेरी) आणि पहिल्या दोन लॅप्सना सहाव्या आणि सातव्या पोस्टवर तेलाचा फ्लॅग ठेवला. झाडलेल्या पावडरीची धूळसुद्धा थोडी घसरते. रायडरांनी एक हात आतली लाइन घेतली, कोणी पडलं नाही.

संध्याकाळी तांत्रिक तपासणीत कारण कळलं. पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, तुटून क्रँककेस फुटली होती. अशा वेळेसाठीच खालच्या फेअरिंगची, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणाची, तळपेटी असते. इंजिनातल्या तेल-पाण्याच्या निम्मं, किमान पाच लिटर, तिने धरून ठेवायला हवं. तिच्या तळाशी पुढच्या बाजूला २५ मिलिमीटरचं एक भोक असतं. पावसात साचलेलं पाणी जावं म्हणून ते उघडतात, कोरड्यात बूच लावून बंद ठेवतात. ३१ च्या टीमने सकाळच्या ओल्या सरावासाठी बूच काढलं होतं आणि दुपारी लावलंच नव्हतं. सरळ पट्ट्यावर वेग वाढताना तेल पेटीच्या मागच्या टोकाला साचलं, म्हणून तिथे नुसते थेंब पडले. ब्रेक लागताच ते सगळं पुढे उसळलं आणि भोकातून थेट मागच्या चाकाच्या वाटेवर सांडलं. रेसिंग लाइनवर इतकं तेल नेमकं ब्रेकिंगलाच का पडलं, याचं उत्तर ते होतं.

त्यानंतर ट्रॅक ओल्याचा कोरडा जाहीर झाला की पिट लेनच्या, म्हणजे गॅरेजमधून ट्रॅकवर जायच्या वाटेच्या, तोंडाशी एक स्क्रूटिनिअर (तांत्रिक तपासनीस) आरसा लावलेली काठी घेऊन उभा राहतो आणि प्रत्येक गाडीच्या पोटाखालचं बूच बघतो. एका गाडीला पाच सेकंदही लागत नाहीत. काही टीम बूच रंगीत प्लास्टिकचं लावू लागल्या आहेत, काळ्या फेअरिंगवर ते वाकून न बघताही दिसतं. लॉक वायरने, म्हणजे पिळून आवळलेल्या बारीक तारेने, बांधलेलं बूच आणखी बरं, कारण थरथरीने सैल झालं तरी पडत नाही. मात्र ओल्या-कोरड्याची अदलाबदल घाईची असते आणि वायर तोडून पुन्हा बांधायला मेकॅनिक कुरकुरतात, त्यामुळे ते अजून सगळीकडे रुळलेलं नाही.