नोबिताची रास

शनिवार, रात्री साडेदहा

कर्क आज पूर्ण झाली. दुपारीच झाली असती, पण या पावसात जलरंगाचा कागद वाळता वाळत नाही. एक थर दिला की पंख्याखाली ठेवायचा आणि तोवर दुसरं काहीतरी करत बसायचं. सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत ऊन असंही कमीच, त्यात आषाढ.

बारा राशींना बारा कार्टून, अशी ही मालिका. राशींवरची फॅन आर्ट मी पुष्कळ पाहिली आहे आणि त्यातली बरीचशी मला मनापासून आवडतात. रंग सुंदर, रेषा सफाईदार. तरी बहुतेक ठिकाणी मेषेला शिंगं, सिंहेला आयाळ, मीनेला शेपटी आणि आत कुणीही. आतलं पात्र बदललं तरी चित्राचं काही बिघडत नाही. मला ते पुरत नाही. ज्या पात्रांवर आपण लहानपणापासून जीव लावला, त्यांना राशीचा पोशाख चढवून काय मिळवलं? रास त्यांच्या वागण्यातून दिसली पाहिजे. नाहीतर शिंगं कुणालाही लावता येतात.

सुरुवातीला नेटवरची पाश्चात्त्य राशिचित्रं समोर ठेवत होते. मग आत्याने तिच्या कपाटातलं बृहज्जातक दिलं, ज्योतिषावरचा जुना ग्रंथ. ती कोथरूडला असते, घरच्यांच्या पत्रिका करते. पहिल्याच अध्यायात वराहमिहिराने एका श्लोकात राशींची रूपं सांगून टाकली आहेत. सहाव्या शतकातला माणूस, पण एखाद्या चित्रकाराला कामाची यादी द्यावी तसं लिहिलंय. मिथुन म्हणजे गदा आणि वीणा घेतलेलं स्त्री-पुरुषाचं जोडपं. धनू म्हणजे धनुर्धारी, कमरेखाली घोडा. मकराचं तोंड हरणाचं. आणि कन्या नावेत बसलेली, एका हातात धान्य, दुसऱ्या हातात अग्नी. नावेतली कन्या! मी तोवर नुसती वेणीवाली मुलगी डोळ्यांपुढे ठेवून बसले होते.

ते वाचल्या वाचल्या डोरेमॉन दिसला. त्याचा अधिकृत वाढदिवस ३ सप्टेंबर २११२, म्हणजे पाश्चात्त्य हिशेबाने कन्याच. पण तारखेपेक्षा मला ती नाव महत्त्वाची वाटली. नोबिताच्या टेबलाच्या खणातून तो येतो ते टाइम मशीन आठवा: उघडं, सपाट, तराफ्यासारखं. तीच त्याची नाव. धान्य म्हणून ज्वारीचं कणीस दिलं, कारण माझ्या डोळ्यांना ओळखीचं धान्य तेच. अडचण आली हातांची. त्याला बोटं नाहीत, नुसते पांढरे गोळे. मूळ चित्रांत वस्तू त्या गोळ्याला चिकटून राहतात आणि आपल्याला कधी खटकत नाही. पण कणसाचा दांडा पातळ. गोळ्यावर नुसता टेकवला की घरंगळेल असं वाटायचं. शेवटी दांडा गोळ्याच्या मागून नेला आणि कणीस पुढे झुकवलं, त्याच्याकडे बघत असल्यासारखं. तेव्हा कुठे ते त्याचं झालं. दुसऱ्या हातावर पणती. तिचा उजेड निळ्या अंगावर पडतो, तिथे निळ्यात थोडा गेरू मिसळला.

टॉम आणि जेरी मिथुनेत गेले. पहिल्यांदा वाटतं गदा टॉमला द्यावी, मारायला धावतो तोच. पण टॉम वाजवतो किती मन लावून! काळा कोट घालून पियानोवर बसलेला टॉम ज्याने पाहिला आहे, तो वीणा त्याच्याच हातात देईल. गदा जेरीकडे, आणि ती जेरीच्या दुप्पट.

पॉपाय मकर. तो पहिल्यांदा छापून आला १७ जानेवारी १९२९ ला. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, तेव्हा सूर्य तिकडच्या हिशेबाने मकरेत आणि आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजायच्या आणि तिकडच्यापेक्षा वेगळ्या, हिशेबानेही मकरेतच. खलाशी माणूस, हातावर नांगर गोंदलेला, आणि मकर तर वरुणाचं वाहन. हे चित्र एका बैठकीत झालं.

चिंटूची जन्मतारीख मी शोधायला गेलेच नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ पासून पुण्याच्या घराघरांत पेपरातून यायचा, माझं वाचन त्याच्यावरच सुरू झालं. त्याला मी तूळ दिली. आईशी सतत त्याची घासाघीस चाललेली असते. तराजू हातात धरल्यावर मनगट कसं वळतं ते बघायला मंडईत गेले. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे, तरी एका मावशींकडे तागडी होती. त्यांनी मिरच्या तोलताना दोनदा थांबून दाखवलं, वर विचारलं, "चित्रात मिरच्या पण काढणार ना?" काढल्या.

आता नोबिता. त्याचा वाढदिवस ७ ऑगस्ट १९६४. पाश्चात्त्य रास सिंह. मला ते फार आवडलं होतं. सगळ्यांत भित्रा, रडका, परीक्षेत शून्य मिळवणारा मुलगा सिंह! कच्चं चित्रही केलं होतं. आत्याला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, वर्षासकट तारीख आहे तर चंद्ररास काढू की." आणि बसली पंचांग घेऊन. थोड्या वेळाने चष्मा काढून म्हणाली, "तुझा मुलगा कर्केचा आहे. सूर्यही कर्केत, चंद्रही कर्केत. अमावस्येचा जन्म. आषाढी अमावस्या, दिव्याची अवस."

मी बराच वेळ काही बोललेच नाही. डोळ्यांसमोर एकच प्रसंग होता. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जायचं असतं आणि नोबिताची काळजी वाटून त्याचा पाय निघत नाही. तेव्हा नोबिता रात्री एकटा, त्याला नेहमी बडवणाऱ्या दांडगट जियानशी भिडतो. कसलंही गॅजेट न घेता. मार खातो, पडतो, परत उठतो, परत त्याला धरतो. शेवटी जियानच कंटाळून हरलो म्हणतो. सगळं कशासाठी, तर डोरेमॉनने निश्चिंत मनाने जावं म्हणून. मी हा प्रसंग इतक्या वेळा आठवला आहे, पण त्यात डरकाळी कुठेच नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यात आहे ती पकड. एकदा धरलं की न सोडणारी.

मग चित्र तेच केलं. त्यांच्या नेहमीच्या मैदानात, मागे ते तीन पाइप. नोबिताच्या दोन्ही मुठींत जियानचा शर्ट. चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा, खेकड्याच्या नांग्या मिटतात तशा, आणि शर्टाच्या चुण्या त्या दोन जागांकडे धावणाऱ्या. चष्मा एका कानावरून सुटलेला. कवच नाही, समुद्र नाही, लाल रंगही नाही. कर्केचा स्वामी चंद्र, पण अवसेची रात्र, म्हणून आकाशात चंद्र काढला नाही. उजेड हवा होता तो दूरच्या एका खिडकीला दिला. पिवळा रंग अगदी पातळ, कागदाचा पांढरा जवळजवळ तसाच ठेवलेला. त्या खिडकीत कोण आहे हे ज्यांना ती गोष्ट माहीत आहे त्यांना सांगावं लागणार नाही.

ही चित्रं विकायची नाहीत, हे पहिल्यापासून ठरलंय. पात्रं दुसऱ्यांची आहेत, माझं फक्त प्रेम आहे. कर्क आत्याकडे जाईल, बाकीची भाचीच्या खोलीत लागतील.

सिंह मात्र आता रिकामी झाली, आणि वृश्चिक तर आधीपासूनच अडलेली. मिकी पडद्यावर आला १८ नोव्हेंबर १९२८ ला, म्हणजे दोन्ही हिशेबांनी सूर्य वृश्चिकेत. पण मनात धरून ठेवणं, डूख धरणं मिकीला येत नाही आणि तारखेसाठी त्याला नांगी लावणार नाही. भाची म्हणते सिंह छोटा भीमला दे. मला राजू द्यावासा वाटतो, एवढासा असून सगळ्यांच्या पुढे धावतो म्हणून. उद्या ती येणार आहे, तेव्हा दोन्ही कच्ची चित्रं तिच्यापुढे ठेवते.