तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रायन मेसारखा आवाज यायला कोणती गिटार घ्यावी?

क्लासला येणाऱ्या मुलांपैकी कुणी ना कुणी दर वर्षी हा प्रश्न घेऊन येतंच. मोबाइलवर 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं लावायचं, मधला ब्रायन मेच्या गिटारचा भाग आला की आवाज वाढवायचा आणि विचारायचं, "मॅडम, असा आवाज यायला कोणती गिटार घ्यावी?" आईवडीलही विचारतात, कारण पैसे त्यांना मोजायचे असतात. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते. ज्या गिटारबद्दल तुम्ही विचारताय ती कुठल्याच दुकानातून आलेली नाही. ती एका बापलेकाने घरी बनवली, आणि ती कशी बनली हे कळल्याशिवाय माझ्या उत्तराला अर्थ नाही.

ब्रायन मे तेव्हा सोळा वर्षांचा होता. लंडनच्या पश्चिमेला फेल्टममध्ये राहणारं नोकरदार कुटुंब. मनात फेंडर या अमेरिकन कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात 'स्ट्रॅट') गिटार होती, पण ती घेणं घरात परवडणारं नव्हतं. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार, विमानांशी संबंधित सरकारी खात्यात नोकरीला. हातात कसब असं की घरातला टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतः जुळवलेला. १९६३च्या ऑगस्टमध्ये दोघं कामाला लागले. घरातली एक जादाची खोली हीच कार्यशाळा, हत्यारं सगळी हाताने चालवायची, आणि काम चाललं दोनेक वर्षं.

नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेचं, लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून आलं. शंभराहून अधिक वर्षांची महोगनी, किड्याने जागोजागी भोकं पाडलेली. ती भोकं ब्रायनने काडेपेटीच्या काड्या घालून बुजवली. बॉडीचा मधला भाग जुन्या टेबलाच्या ओकचा, बाजूंना ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचं व्हिनिअर. फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे तारा बोटांनी दाबायच्या पट्टीवरचे, पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, घासून गोल केलेली. ट्रेमोलोचा, म्हणजे सूर हलवायच्या यंत्रणेचा, दांडा सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या सळीचा, त्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. त्या यंत्रणेतल्या स्प्रिंगा १९२८च्या पँथर मोटरसायकलच्या इंजिनातल्या. सगळा खर्च आठ पौंडांच्या आसपास. रंगावरून तिला 'रेड स्पेशल' म्हणतात.

या यादीचं सगळ्यांना कौतुक वाटतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. माझ्या मते खरी कमाल ट्रेमोलोच्या रचनेत आहे. दांडा दाबला की तारा सैल होतात, सोडला की पुन्हा ताणल्या जातात. त्या काळच्या बहुतेक गिटारींत परत येताना तारा जरा बेसूर व्हायच्या, कारण वाटेत कुठे ना कुठे घर्षण होऊन तार अडकायची. या पोराने ती अडकण्याची ठिकाणं एकेक करून शोधली. ट्रेमोलोची पट्टी सुरीच्या कठीण पोलादी धारेवर टेकवली, म्हणजे ती जवळजवळ विनासायास झुलते. ब्रिजवर, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे, प्रत्येक तारेखाली हाताने घडवलेलं छोटं रोलर बसवलं. नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या टेकूवर, तारेचा भार पडू नये म्हणून सुरुवातीला एक जादा फ्रेट, म्हणजे धातूची आडवी पट्टी, दिला. पुढे भौतिकशास्त्राकडे गेलेला हा मुलगा तेव्हाच तसा विचार करत होता, हे त्या एका भागात स्वच्छ दिसतं.

दुसरी गोष्ट पोकळीची. गिटारवादक जेफ बेकला मंचावर वाजवताना ब्रायनने पाहिलं होतं. अ‍ॅम्पसमोर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यासमोर, गिटार धरून, नुसती जागा बदलत, तो सूर लांबवत न्यायचा. अ‍ॅम्पमधून निघालेला आवाज हवेतून गिटारवर येऊन आदळतो, लाकूड आणि तारा पुन्हा थरथरतात, तो थरथराट परत अ‍ॅम्पमध्ये जातो आणि सूर विझतच नाही. हेच आपल्याला हवं, असं ठरवून बापलेकांनी बॉडीच्या आत मुद्दाम पोकळ कप्पे ठेवले. म्हणजे आधी कानात आवाज होता, मग त्याला साजेसं लाकूड कोरलं गेलं.

पिकअपही, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भागही, ब्रायनने आधी स्वतःच बनवले, चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळून. तार ओढून सूर वर नेला की त्यांतून खरखर यायची, म्हणून मग बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप आणले. तेही जसेच्या तसे वापरले नाहीत. मोठ्या आवाजात पिकअपमधल्या तारा स्वतःच थरथरू लागतात आणि कर्कश शिट्टी येते, म्हणून आत अ‍ॅराल्डाइट हा गोंद ओतून त्या घट्ट बसवल्या. जोडणीही वेगळी. स्ट्रॅटमध्ये दोन पिकअप चालू केले की ते समांतर जोडलेले असतात, इथे एकापुढे एक. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक लावल्यावर जोर वाढतो, तसा इथे सिग्नल वाढतो आणि आवाज भरदार होतो. शिवाय प्रत्येक पिकअपला दोन स्विच. एक चालू-बंद करायला, दुसरा फेज, म्हणजे सिग्नलच्या लहरीची दिशा, उलटी करायला. दोन पिकअपांची फेज परस्परविरुद्ध केली की खालचे स्वर एकमेकांना मारतात, वरचे बारीक स्वर उरतात आणि आवाज नाकातून आल्यासारखा धारदार होतो. ब्रिजजवळचा आणि मधला पिकअप एकत्र, ही त्याची नेहमीची जोडी.

इथवर फक्त गिटार झाली. पण त्या आवाजाचा मोठा वाटा हातातल्या नाण्यात आणि पुढच्या अ‍ॅम्पमध्ये आहे.

ब्रायन प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाही, सिक्सपेन्सने वाजवतो. हे जुनं ब्रिटिश नाणं १९८० साली चलनातून गेलं. पिक वाकतं, नाणं वाकत नाही, त्यामुळे तारेवर काय घडतंय ते बोटांना थेट कळतं. नाण्याच्या कडेला बारीक खाचा असतात. नाणं तारेला सपाट धरलं तर स्वर मऊ निघतो, थोडं तिरकं धरलं की प्रत्येक स्वराआधी एक हलकं खरखरीत व्यंजन ऐकू येतं, आणि गिटार बोलल्यासारखी वाटते. आपल्याकडची १९७०-८०च्या दशकातली चार आण्याची नाणी आकाराने त्याच्या अगदी जवळची आहेत. व्यास १९ मिलिमीटर, कडेला खाचा. आजीच्या डब्यात असलं तर मागून घ्या आणि वाजवून बघा. तारा मात्र बारीक लावा.

अ‍ॅम्पची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात आयरिश गिटारवादक रोरी गॅलघर आहे. लंडनच्या मार्की क्लबमधला कार्यक्रम संपल्यावर ब्रायन रेंगाळला आणि त्याने रोरीला सरळ विचारलं, हा आवाज कसा काढता? रोरीने काहीही हातचं न राखता सांगितलं: व्हॉक्सचा एसी-३० अ‍ॅम्प आणि त्याच्या आधी रेंजमास्टर नावाची छोटी डबी. तीस वॉटचा हा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प पूर्ण आवाजावर ठेवायचा, आणि त्या डबीने म्हणजे ट्रेबल बूस्टरने वरचे स्वर आणखी रेटून आत पाठवायचे. व्हॉल्व्हमधला आवाज फाटायच्या बेताला येतो तेव्हाच तो गोड, भरलेला आवाज मिळतो. स्वच्छ आवाज हवा असेल तर ब्रायन पायाखालचं काही दाबत नाही, गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी करतो. एका नामवंत कलावंताने अनोळखी तरुणाला आपलं गुपित दिलं आणि त्या तरुणाने ते पन्नास वर्षं वाजवलं. माझ्याकडे शिकणारं कुणी काही विचारतं तेव्हा मला रोरी आठवतो.

'क्वीन'चा बेसवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७२ साली त्याला रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडलं. ते त्याने घरात पुस्तकांच्या कपाटावर ठेवतात तसल्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. त्यावर एकही बटण नाही. या 'डीकी अ‍ॅम्प'मधून ब्रायनने गिटारचे सूर एकावर एक ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांतून क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन ऐकू येऊ लागले. १९७५च्या 'गुड कंपनी'त जो जुना जॅझ बँड वाजतो, तो सगळा गिटारचा आहे.

आणि हे खास आपल्यासाठी. रेड स्पेशलच्या आधीपासून ब्रायनकडे एक स्वस्तातली साधी अकूस्टिक गिटार होती. तिच्या ब्रिजवर, तारांखाली, त्याने फ्रेटच्या तारेचा तुकडा बसवला. तार त्याला हलकेच घासते आणि सतारीसारखा झंकार निघतो. १९७४च्या 'व्हाइट क्वीन'मध्ये तो ऐकू येतो. तंबोऱ्याची जवारी कशी लावतात हे ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना या कामाची पद्धत लगेच ओळखीची वाटेल. ब्रिजचा आणि तारेचा स्पर्श केसभर बदलला की सगळा स्वर उघडतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याने तो आवाज येतो का? नाही. तो ऐकू येतो त्याचं आणखी एक कारण स्वरांच्या मांडणीत आहे, आणि तिथे 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी येतो. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे मुलांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवला आणि १९६४ साली घरच्यांबरोबर फेल्टमला आला, ब्रायनच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. फ्रेडीची गाणी पियानोवर सुचत, त्यामुळे गिटारवाले सहसा टाळतात अशा ई-फ्लॅट, बी-फ्लॅटसारख्या पट्ट्यांत असत. उघड्या तारांचा आधार नाही, सवयीचे आकार चालत नाहीत. त्या अडचणीतून ब्रायनच्या सुरावटी वेगळ्या झाल्या, असं मला ठामपणे वाटतं. 'किलर क्वीन'च्या सोलोत तीन गिटारी एकामागून एक सूर धरतात आणि घंटा वाजल्यासारखी साखळी तयार होते. तिथे प्रत्येक गिटारला स्वतंत्र चाल आहे. बाकीच्या दोघी मुख्य सुराला नुसती साथ देत नाहीत. दर वेळी ऐकताना एकेकीचीच चाल लक्ष देऊन ऐका. बऱ्याच मुलांना त्यासाठी मी हेडफोन लावायला लावते.

मंचावर तीन ब्रायन कुठून आणणार? तर एकोप्लेक्स नावाचं, वाजवलेलं थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं टेपचं यंत्र घेतलं, त्यात बदल करून मधला उशीर लांबवला, आणि मागून येणारा प्रत्येक प्रतिध्वनी वेगळ्या एसी-३०मध्ये पाठवला. 'ब्रायटन रॉक'मध्ये तो स्वतःच्याच आवाजाशी जुगलबंदी करतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपालाही त्याने त्यातलाच भाग वाजवला. त्याआधी २००२च्या जूनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर उभं राहून ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हाही हातात तीच शेकोटीची महोगनी होती.

त्याच्या प्रभावाबद्दल बोलायचं तर लोक सोलोंची नावं घेतात. मला अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलन आठवतो. त्यानेही आपली गिटार सुट्या भागांतून स्वतः जुळवली, आणि पिकअपची शिट्टी थांबवायला तो मेणात बुडवला. ब्रायनने अ‍ॅराल्डाइट ओतलं होतं तेच कारण, तोच उपाय, अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर. १९८३च्या एप्रिलमध्ये हे दोघं लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत दोन दिवस एकत्र वाजवत बसले. 'स्टार फ्लीट प्रोजेक्ट' या नावाने ते आलं. ऐका, दोघांना एकमेकांचं किती कौतुक वाटतंय ते सुरांत कळतं. 'एक्स्ट्रीम' या बँडच्या नूनो बेटनकोर्टच्या गिटारींच्या थरांत ब्रायनची शिकवण उघड दिसते. १९९२ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये फ्रेडीच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात त्याच्या बँडने 'क्वीन'ची गाणी एकापाठोपाठ एक सादर केली. आणि जगभर कितीतरी जण आपल्या घरी रेड स्पेशल बनवतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायरने तिची मापं घेऊन हुबेहूब प्रती केल्या, तेव्हा ब्रायनने १९९८ साली मूळ गिटारच दुरुस्तीला त्याच्या हाती दिली.

वडिलांचं काय झालं, तेही सांगते. मुलाने डॉक्टरेट अर्धवट टाकून रॉकमध्ये जावं हे हॅरॉल्डना अजिबात रुचलं नव्हतं. ज्या कॉन्कॉर्ड विमानाच्या कामात ते होते त्याच विमानाने ब्रायनने आईवडिलांना न्यूयॉर्कला नेलं आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला 'क्वीन'चा कार्यक्रम दाखवला. तेव्हा त्यांना मुलाची वाट पटली. पुढे २००७ साली ब्रायनने इंपीरियल कॉलेजमधून ती डॉक्टरेटही पूर्ण केली, सूर्याभोवतीच्या आंतरग्रहीय धुळीच्या हालचालींवर.

तर मग कोणती गिटार? ब्रायनच्या स्वतःच्या कंपनीच्या रेड स्पेशल विकत मिळतात, जोडणी आणि स्विच तसेच असतात. परवडत असेल तर जरूर घ्या. नसेल तर तीन पिकअपची साधी स्ट्रॅट पुरेशी आहे. फक्त ट्यूनिंग टिकतंय का आणि नेक सरळ आहे का, एवढं कुणा जाणत्याकडून बघून घ्या. उरलेले पैसे अ‍ॅम्पला ठेवा. छोटा का होईना, व्हॉल्व्हचा. पिकअप एकापुढे एक जोडायला एक स्विच आणि थोडी वायर लागते. ट्रेबल बूस्टरचं मूळ सर्किट तर एका ट्रान्झिस्टरचं आहे, सोबत मोजके रेझिस्टर, कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास यातलं बरंचसं मिळतं. सोल्डरिंग येत नसेल तर रविवारी क्लासला या, सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डरची तार माझ्याकडे आहे.