आमची वाटचाल : आहे तोच आकडा

आमची फर्म निवडणुकीचे सर्व्हे करते. आमच्या ऑफिसच्या कपाटावर पत्र्याची एक छोटी पेटी आहे, वर चीर, बाजूला कुलूप. आमची पहिली डमी मतपेटी. दारात उभं राहून "मत कोणाला?" असं तोंडी विचारलं तर शेजारी ऐकत असतो, घरातलं मोठं माणूस ऐकत असतं. मग जो जिंकेल असं वाटतं त्याचं नाव सांगून लोक मोकळे होतात. तीच नावं छापलेली चिठ्ठी हातात दिली, आपण पाठ फिरवली आणि घडी घालून पेटीत टाकायला सांगितलं, की वेगळंच उत्तर निघतं. आम्ही पहिल्याच कामात एकाच वस्तीत दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या. त्या दिवसापासून तोंडी उत्तरावर आम्ही अहवाल दिलेला नाही.

फर्म दोघांची. प्रश्नावली आणि विश्लेषण माझं, फील्ड, म्हणजे घरोघरी जाऊन विचारण्याचं काम, माझ्या जुन्या वर्गमित्राचं. फॉर्म भरणारी मुलं ठरल्याप्रमाणे उजव्या हाताची घरं घेत चालतात की नाही, ठरलेली घरं सोडून सोयीच्या घरात शिरतात का, हे तो स्वतः उन्हात मागे फिरून बघायचा. दार उघडेल त्यालाच विचारलं तर दिवसा घरी असणारेच सॅम्पलमध्ये, म्हणजे विचारायला निवडलेल्या माणसांत, भरतात. म्हणून घरातल्या कोणाला विचारायचं हे संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांच्या 1949 च्या तक्त्यावरून ठरायचं. तो माणूस कामावर असेल तर संध्याकाळी पुन्हा जायचं. दहा टक्के फॉर्मचा बॅकचेक, म्हणजे त्याच घरी पुन्हा जाऊन खातरजमा, तो आजही स्वतः करतो. एका मुलाने झाडाखाली बसून अकरा फॉर्म भरले होते, तर याने त्याचे सगळेच फॉर्म रद्द केले आणि ती घरं स्वतः केली.

पहिली सहा वर्षं कामं येत गेली, पगार होत गेले.

सातव्या वर्षी एका मोठ्या पक्षाचं काम मिळालं. त्यांच्या सगळ्यात महत्त्वाच्या जागेवर आमचं सॅम्पल होतं बाराशेचं आणि उमेदवार नऊ टक्क्यांनी मागे होता. त्याच बैठकीत दुसऱ्या एका फर्मने रेकॉर्डेड कॉलवर केलेला लाखभर लोकांचा सर्व्हे ठेवला. त्यात तोच उमेदवार सहा टक्क्यांनी पुढे. "त्यांचे लाख, तुमचे बाराशे," एवढंच मला ऐकवलं गेलं. मी 1936 ची अमेरिकेतली निवडणूक सांगितली. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, आणि त्यांनी लँडन जिंकणार म्हणून छापलं. प्रत्यक्षात समोरचे रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनी त्याहून कितीतरी लहान सॅम्पलवर विजेता बरोबर सांगितला होता. कॉल न कापता शेवटपर्यंत बटणं दाबणारा मतदार हा सगळ्या मतदारांचा नमुना नसतो, हेही सांगितलं. कोणी वहीसुद्धा उघडली नाही.

काम गेलं, अर्धं बिल अडकलं. त्याहून वाईट म्हणजे, आम्ही समोरच्या पक्षाकडून पैसे घेऊन आकडा पाडला अशी कुजबुज त्या फर्मच्या माणसांनी सुरू केली. या धंद्यात एवढं पुरतं. दोन ठरलेली कामं फोनवर रद्द झाली. चार महिने पगार थकले, टॅब विकले, पुन्हा कागदी फॉर्मवर आलो. भागीदाराने वर्षभर एक पैसा उचलला नाही. निकाल लागला, उमेदवार पडला, फरक आमच्या आकड्याच्या अगदी जवळचा. एकाचाही फोन आला नाही. ती फर्म आजही चॅनेलवर आकडे सांगते. मला त्याचा राग आहे आणि तो लपवण्याचं कारण मला दिसत नाही.

त्या दिवसांत एक ताई आल्या. दोन निवडणुकांपूर्वी आम्ही त्यांना "पडाल" म्हणून सांगितलं होतं आणि त्या पडल्या होत्या. "म्हणून तर आले," म्हणाल्या, आणि आगाऊ रक्कम टेबलावर ठेवली. त्यांचा निम्मा खर्च फलक आणि कॉलवर होता, तो आम्ही घरभेटींकडे वळवला. गर्बर आणि ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात प्रयोग केला होता : प्रत्यक्ष दारात भेटलेल्यांचं मतदान वाढलं, फोनचा परिणाम दिसला नाही. ताई थोड्या मतांनी निवडून आल्या. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक काम आमच्याकडे आहे.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, "कोणतं चॅनेल बघता" हा प्रश्न काढून टाका. "काल राजकारणाची बातमी कोणाकडून कळली, मग त्यावर कोणाशी बोललात" असं विचारा. समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड यांना अमेरिकेतल्या 1940 च्या पाहणीतच दिसलं होतं की माध्यमांपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त चालतो. आणि दोन उमेदवारांमधला फरक सांगताना चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो) जवळजवळ दुप्पट धरा. हजाराच्या सॅम्पलवर प्रत्येक आकडा तीन टक्के इकडेतिकडे होतो, मग चार टक्क्यांची आघाडी ही आघाडी नसते. उमेदवार रागावला तरी चालेल.

गेल्या निवडणुकीत त्याच मोठ्या पक्षाचा पुन्हा फोन आला. भागीदाराने घेतला. "आधी जुनं बिल, मग प्रश्नावली," म्हणाला. बिल अजून आलेलं नाही.