आधी नकाशा, मग कॅमेरे : आमची वाटचाल

शाळा-महाविद्यालयांच्या सुरक्षा-यंत्रणेचे आराखडे करण्याच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात वायरिंगच्या कामांपासून झाली. दुसऱ्यांनी ठरवलेल्या जागी कॅमेरे बसवायचे, केबल ओढायची, रेकॉर्डर सुरू करून द्यायचा आणि बिल पाठवायचे, एवढाच आमचा वाटा असे. शाळा-महाविद्यालयांची कामे वाढत गेली तसे एक गोष्ट सतत खटकू लागली. मागणीपत्रात कॅमेऱ्यांची संख्या ठळक अक्षरांत असे, पण त्या कॅमेऱ्यांनी नेमके काय दाखवायचे आहे, हे कोठेच लिहिलेले नसे. पुढे आम्ही टप्प्याटप्प्याने उपकरणांची विक्री बंद केली आणि आराखडा, निविदेसाठीचा तांत्रिक तपशील व कामावरील देखरेख एवढेच काम ठेवले. धंद्याच्या हिशेबाने हे सोपे नव्हते, कारण नफा उपकरणांत असतो आणि कागदावरच्या कामासाठी पैसे मोजायला सहसा कोणी राजी नसते. परंतु सल्ला देणाऱ्यालाच जास्त कॅमेरे खपवायचे असतील, तर शाळेने त्याच्या सल्ल्यावर भरवसा का ठेवावा, या प्रश्नाला आमच्याकडे दुसरे उत्तर नव्हते.

नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत ‘सगळ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत’ हे वाक्य बहुधा येतेच. त्यावर आम्ही साधा हिशेब मांडतो. कॅमेरा-यंत्रणांसाठीच्या ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५ सालच्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची, तर चित्रात दर मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल लागतात, आणि परिचित माणूस ओळखण्यास १२५ पुरतात. फुल एचडी कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते, म्हणजे ओळख पटवण्यासाठी त्याने साडेसात मीटरच्या आसपासच रुंदी टिपायला हवी. तोच कॅमेरा वीस मीटर रुंदीच्या पटांगणाकडे रोखला, तर मीटरमागे ९६ पिक्सेल उरतात. कोणीतरी धावत गेले एवढे कळते, कोण गेले ते कळत नाही. हे आकडे नकाशावर मांडल्यावर पुष्कळ ठिकाणी कॅमेऱ्यांची संख्या कमी होते आणि उरलेल्यांची जागा बदलते.

तरीही आमच्या मते आराखड्याचा गाभा दारांत आहे. कॅमेरा घडलेले सांगतो, तर दार घडू पाहणारे थोपवू शकते. एका वसतिगृहात मागच्या दाराशी वीट ठेवून ते दिवसभर उघडे राहत असे आणि त्यावर भोंगा बसवावा, अशी व्यवस्थापनाची मागणी होती. आम्ही तेथे उभे राहून पाहिले, तेव्हा ग्रंथालयाची जवळची वाट तेथूनच जात असल्याचे दिसले. पुढच्या दाराला कार्ड-वाचक होता, मागच्याला नव्हता. मागेही वाचक बसवल्यावर विटेची गरजच उरली नाही.

कुलपाची निवड हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. चुंबकीय कुलूप वीज गेली की उघडते, म्हणून सुटकेच्या मार्गावर ते अग्निसूचना यंत्रणेशी जोडावेच लागते. इलेक्ट्रिक स्ट्राइकचा, म्हणजे चौकटीत बसणाऱ्या विजेवरच्या खिटीचा, एक प्रकार वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहतो, मात्र आतून मूठ फिरवताच दार उघडते. वर्गाचे दार आतून झटकन बंद करता यावे आणि तरीही एकाच हालचालीत बाहेर पडता यावे, ही अट आम्ही कोणत्याही दबावाखाली सैल करत नाही. स्वस्तात मिळणारे दाराचे अडसर आम्ही म्हणूनच सुचवत नाही. आगीच्या वेळी धुरात चाचपडणाऱ्या मुलाला ते काढता येतील, याची हमी कोणी देत नाही.

तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा शंभर मीटर असते, म्हणून विद्यापीठाच्या विखुरलेल्या इमारती आम्ही ऑप्टिकल फायबरने जोडतो. त्यामुळे एका इमारतीवरील विजेचा तडाखा केबलवाटे दुसरीकडे पोचत नाही. साठवणुकीचा हिशेब मात्र आम्ही ग्राहकासमोरच करतो: सेकंदाला चार मेगाबिट वेगाने अखंड चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट, तर तीस दिवसांत जवळजवळ १.३ टेराबाइट जागा घेतो. हा आकडा समोर आला की ‘सहा महिन्यांचे रेकॉर्डिंग ठेवा’ हा आग्रह आपोआप निवळतो.

चित्रण कोणी, कधी आणि कोणाच्या परवानगीने पाहायचे, हे आम्ही आराखड्यातच लेखी मागतो आणि प्रत्येक पाहणीची नोंद यंत्रणेत राहील, असे बघतो. हजेरीसाठी मुलांचे चेहरे टिपण्याच्या मागणीला आमचा नकार असतो. स्वीडनमध्ये २०१९ साली अशाच प्रयोगाबद्दल एका शाळेच्या नगरपालिकेला माहिती-संरक्षण कायद्याखाली दोन लाख क्रोनांचा दंड झाला होता. पण दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी जे काम शिक्षक वहीत पाहून दोन मिनिटांत करतात, त्यासाठी मुलांची शारीरिक ओळख कायमची साठवण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

विद्यापीठांच्या कामात अलीकडे सर्वाधिक वेळ कार्डांच्या व्यवस्थेत जातो. १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारी जुनी कार्डे बाजारात मिळणाऱ्या यंत्रावर सहज नकलता येतात, म्हणून ती बदलून १३.५६ मेगाहर्ट्झची सांकेतिक (एन्क्रिप्शनचे) संरक्षण असलेली कार्डे घेण्याचा आमचा आग्रह असतो. नवे कार्डही विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर चालूच राहिले, तर खर्च वाया जातो. त्यामुळे दारांची यंत्रणा प्रवेशनोंदणीशी जोडून सत्र संपताच कार्ड निष्क्रिय होईल, अशी तजवीज करावी लागते. ही जोडणी दर ठिकाणी नव्याने करावी लागते, कारण प्रत्येक विद्यापीठाची नोंदणीप्रणाली वेगळी असते आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, पाहुणे संशोधक व कंत्राटी सफाई कामगार यांची नावे तिच्यात बहुधा नसतातच.