पगार एकतीस हजार, हिशोब तेरावर

डिसेंबर २०२३ च्या शेवटच्या शनिवारी आमच्या कंपनीतले सर्वांत जुने टर्नर निवृत्त झाले. सगळे त्यांना नानाच म्हणतात. कॅन्टीनमध्ये शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटून झाले आणि संध्याकाळी नाना माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. एका हातात मी दिलेला ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेच्या वर्षांप्रमाणे शेवटी मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा चेक, दुसऱ्या हातात वहीचं फाडलेलं पान. चेक १,५७,५०० रुपयांचा होता. पानावर त्यांच्या मुलाने मांडलेला आकडा होता ३,७५,५७७.

"मॅडम, पगार एकतीस हजार. मग हिशोब तेरावर कसा?"

हिशोब चुकलेला नव्हता. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या महिन्याच्या बेसिक (मूळ पगार) आणि डीएवर (महागाई भत्ता) मोजायचे. त्याला पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. नानांची वर्षं एकवीस. बेसिक-डीए मिळून तेरा हजार, बाकीचे अठरा हजार वेगवेगळ्या भत्त्यांत. मुलाने गणित बरोबर केलं होतं, फक्त सगळा पगार धरला होता. मी हे समजावून सांगितलं, नानांनी मान हलवली, चेक घडी करून खिशात ठेवला. सिन्नरच्या घरावर त्यांना स्लॅब टाकायचा होता, हे मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. तरी हा हिशोब त्यांना आधी कधी कोणी सांगितला नव्हता, आणि सांगायचं काम माझंच होतं.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये हिशोब आणि पगार बघते. अठ्ठावन्न माणसं, दोन पाळ्या. जानेवारीत मी धाकट्या साहेबांना म्हटलं, पगाराची रचना मुळापासून तपासू या. ते म्हणाले, "करा, पण काम सांभाळून." त्यानंतर चार महिने माझी प्रत्येक संध्याकाळ त्यातच गेली. ज्यांना आपल्या छोट्या कंपनीत हे करायचंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिल्या आठवड्यात मी नुसतं पगारपत्रक वाचलं. दर महिन्याला मीच ते बनवते, पण बनवणं वेगळं आणि वाचणं वेगळं. अकरा प्रकारचे भत्ते निघाले. घरभाडं, प्रवास, धुलाई, शिक्षण, कॅन्टीन, हजेरी, 'स्पेशल', 'अदर'... कुठला का सुरू झाला हे मोठ्या साहेबांनाही नीट आठवेना. कोणी नोकरी सोडून चाललं की त्याला थांबवायला एखादा भत्ता चिकटवला जायचा आणि तो तिथेच राहायचा. एकाच व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) आलटून पालटून काम करणाऱ्या तिघांच्या पगारात साडेचार हजारांचा फरक होता. सगळ्यात कमी पगार सगळ्यात जुन्या माणसाचा, कारण तो कधी सोडून जायची भाषा बोलला नव्हता.

एक शब्द इथे फार घोळ घालतो. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक 'विशेष भत्ता', आणि हा विशेष भत्ता महागाईला धरून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. आमच्या स्लिपवरचा 'स्पेशल अलाउन्स' मात्र त्यातला नव्हेच. तो नुसता उरलेला पगार. कामगारांना वाटायचं सरकार वाढवतं तोच हा भत्ता. नाव सारखं, पण एकावर पीएफ (भविष्यनिर्वाह निधी), बोनस, ग्रॅच्युइटी सगळं चालतं आणि दुसऱ्यावर आम्ही काहीच चालवत नव्हतो.

आणि ते न चालवणं बरोबर होतं का, हाही प्रश्न होता. आमच्या पीएफ सल्लागारांनी २८ फेब्रुवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून दाखवला. जो भत्ता सरसकट सगळ्यांना मिळतो, जादा कामाशी किंवा विशेष कामगिरीशी ज्याचा संबंध नाही, तो पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा. आमचा स्पेशल अलाउन्स सफाई कामगारापासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना होता. म्हणजे पाच वर्षं आम्ही त्या निकालाकडे पाठ करून बसलो होतो. हे मी साहेबांसमोर स्पष्ट मांडलं. ते मांडताना माझा घसा कोरडा पडला होता, पण तेच बोलणं पुढच्या सगळ्याला कारण ठरलं.

मग खर्चाचं गणित. पीएफला पंधरा हजारांची मर्यादा आहे, २०१४ पासून तीच. बेसिक-डीए तेरावरून साडेसोळा हजार केलं, तरी पीएफ पंधरावरच थांबतो. महिन्याची कपात १,५६० वरून १,८०० होते. मालकाचा खर्च माणशी अडीचशेच्या आसपास वाढतो. असे एकेचाळीस जण होते, म्हणजे महिन्याला दहा-साडेदहा हजार. साहेब म्हणाले, "एवढंच? मग करून टाकू."

मी म्हटलं, थांबा. खरा खर्च ग्रॅच्युइटीत आहे. ती शेवटच्या पगारावर मोजली जाते, त्यामुळे आज बेसिक साडेतीन हजारांनी वाढवलं की मागच्या प्रत्येक वर्षाचा हिशोब नव्या आकड्यावर जातो. माणशी, वर्षाला दोन हजारांच्या वर. सरासरी बारा वर्षांची सेवा धरली, तर एकेचाळीस जणांचे मिळून दहा लाखांच्या आसपास. एका सहीने. साहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. ग्रॅच्युइटीसाठी तोवर आम्ही एक रुपया बाजूला ठेवत नव्हतो, कोणी निवृत्त झालं की चालू खात्यातून चेक जायचा. पुढच्या सहा वर्षांत नऊ जण साठीला पोहोचत होते. मी ती नऊ जणांची यादी तारखांसकट समोर ठेवली. शेवटी एलआयसीची समूह ग्रॅच्युइटी योजना घ्यायची, मागची बाकी तीन वर्षांत भरून काढायची आणि मग पुढे दरवर्षी हप्ता, असं ठरलं. ती यादी नसती तर हे झालं नसतं असं मला वाटतं. रक्कम बघून माणूस घाबरतो. तारीख आणि नाव बघितलं की तयारीला लागतो.

माणसांना काय हवंय हे विचारायला मी कॅन्टीनमध्ये एक डबा ठेवला. चिठ्ठीवर नाव नको, एकच गोष्ट लिहा. मला वाटलं होतं सगळे पगारवाढ लिहितील. पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्या पगाराच्या तारखेवर निघाल्या. कायद्याप्रमाणे आमच्याएवढ्या कंपनीत सात तारखेच्या आत पगार व्हायला हवा. आमच्याकडे दहा-बारा तारीख सर्रास व्हायची. गाडीचा, फोनचा, घराचा हप्ता पाच तारखेला खात्यातून जातो. पैसे नसले की हप्ता बाऊन्स, वर बँकेचा दंड, वर बचत गटाच्या ताईंचं बोलणं. एका चिठ्ठीवर एवढंच होतं: "पाच तारखेला पगार द्या, वाढ नको." ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. ओव्हरटाइमची हजेरी तीस तारखेऐवजी पंचवीसला बंद केली आणि पगार चारलाच निघायला लागला. याला खर्च जवळजवळ शून्य. इतकी वर्षं हे का सुचलं नाही, याची मला फार खंत आहे.

दुसरी गोष्ट हजेरी भत्त्याची. महिनाभर एकही सुट्टी नाही तर बाराशे रुपये, एक दिवस चुकला की सगळे गेले. त्यामुळे ताप अंगात असताना लोक मशीनवर उभे राहायचे. डेंग्यूच्या दिवसांत एका हेल्परला चक्कर येऊन तो पडला, नशिबाने मशीन बंद होतं. मी तो भत्ता काढून बेसिकमध्ये घालावा असं सुचवलं. सुपरवायझर मंडळी कडाडून विरोधात होती, "मॅडम, सोमवारी कोणी येणार नाही." मधला मार्ग निघाला: सातशे बेसिकमध्ये, पाचशे हजेरीला आणि डॉक्टरची चिठ्ठी आणली तर ते पाचशेही कापायचे नाहीत. सोमवारची हजेरी आधी होती तशीच राहिली.

सगळ्यात अवघड ठरला ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा पेच. त्याची मर्यादा एकवीस हजारांची. त्याच्या आत पगार असेल तर कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जातात आणि सगळ्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. एकवीसच्या वर गेलं की कार्ड बंद. सहा जण असे होते की नव्या रचनेत बसवले की हजार-बाराशेने पुढे जात होते. एरवी हे आनंदाचं. पण त्यातला एक ग्राइंडर ऑपरेटर संध्याकाळी सगळे गेल्यावर आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मला वाढ नका देऊ." त्याच्या बायकोचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, ते ईएसआयच्या कार्डावर चालतं.

मी नियम पुन्हा पुन्हा वाचले. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. कालखंड सुरू झाल्यावर पगार मर्यादेबाहेर गेला, तर तो कालखंड संपेपर्यंत माणूस योजनेतच राहतो. ओव्हरटाइम मर्यादेत धरत नाहीत, वर्गणी मात्र त्यावरही भरायची. म्हणून बाकी पाच जणांची वाढ एप्रिलऐवजी मेपासून धरली, तीस सप्टेंबरपर्यंत ते आतच राहिले आणि तेवढ्या वेळात त्यांच्यासाठी दोन लाखांचा समूह आरोग्य विमा उभा केला. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरायचे, ही अट मुद्दाम घालून घेतली. पण डायलिसिसला दोन लाख किती पुरणार? त्या ग्राइंडर ऑपरेटरचा पगार त्याच्या लेखी विनंतीवरून २०,९५० वर थांबवला. त्याच्या बरोबरीचे लोक त्याच्यापेक्षा जास्त घेतात. हे बरोबर झालं असं मला आजही म्हणवत नाही, आणि दुसरा मार्गही दिसला नाही.

मे २०२४ पासून नवी रचना लागू करायची ठरली. सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचा प्रयत्न मी एकदा केला आणि तो पार फसला. पडद्यावर टक्केवारी दाखवली, मागच्या रांगेतून आवाज आला, "हातात किती येणार ते सांगा." बरोबरच होतं त्याचं. मग मी अठ्ठावन्न जणांचे अठ्ठावन्न कागद काढले. डावीकडे जुना पगार, उजवीकडे नवा, खाली हातात येणारी रक्कम, आणि त्याच्याखाली दोन ओळी: पीएफ खात्यात आजवर किती, आणि आज नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी किती. एकेकाला दहा मिनिटं. तीन आठवडे लागले.

तरण्या पोरांनी जोर धरला की पीएफ नको, पैसे हातात द्या. दोनशे चाळीस रुपये जास्त कापले जाणार म्हणून एकाने राजीनामा द्यायची तयारी दाखवली. समोरच्या गल्लीतली कंपनी पाचशे जास्त देते की लगेच उडी, हे त्या वयात चालतंच. मी त्याला सांगितलं, तुझे २४० जातात तेव्हा मालकाचेही २४० तुझ्या नावावर पडतात. त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो आणि पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, म्हणून कंपनी बदललीस तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेव आणि मधेच पैसे काढून खातं रिकामं करू नकोस. नव्या वाढीतून हे कापले जाणारे २४० आधी भरून काढायचे, म्हणजे कुणाच्याच हातात मागच्या महिन्यापेक्षा कमी पडणार नाही, हे साहेबांकडून मी आधीच मान्य करून घेतलं होतं. तो पोरगा अजून आमच्याकडे आहे, आता सेटर झालाय.

त्या दहा-दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट उघडी पडली. पीएफचा वारस. लग्नाआधी केलेलं नामांकन लग्नानंतर बाद होतं, हे चौदा जणांना माहीत नव्हतं. दोघांच्या खात्यावर वारलेल्या आईचं नाव. पीएफला जोडून विमा असतो, नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळू शकतात. पैसे असतात आणि कागदावाचून बायको-पोरं खेटे घालत राहतात. त्या चौदा जणांचं ऑनलाइन नामांकन माझ्या टेबलावर बसवून करून घेतलं. आधार आणि पीएफच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग जुळत नाही, हे तिथेच कळलं. ते दुरुस्त करायला जून उजाडला.

पुढे २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्याच अशी आहे की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात मिसळायचा. शेजारच्या कंपन्यांतून फोन येऊ लागले, "तुम्ही तेव्हा कसं केलंत?" मी त्यांना तो दोन रकान्यांचा कागद पाठवते. ग्रॅच्युइटीची ओळ तेवढी काढू नका, असं प्रत्येकाला सांगते. बरेच जण काढतात.

नानांना नव्या रचनेचा काही उपयोग झाला नाही. मी साहेबांना दोनदा बोलले. त्यांनी स्वतःहून पन्नास हजार दिले, कायद्याने देणं नव्हतं तरी. स्लॅब अजून पडलेला नाही, पत्रेच आहेत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आमचे एक टूलरूमवाले निवृत्त झाले. अठरा वर्षं, शेवटचं बेसिक-डीए साडेसतरा हजार. शेवटच्या दिवशी ते टेबलापाशी आले आणि मी चेक काढायच्या आत त्यांनीच खिशातून कागद पुढे केला. मी दरवर्षी देते तोच कागद होता, खाली पेन्सिलने यंदाचा हिशोब त्यांनी स्वतः मांडलेला. १,८१,७३१. मी चेक शेजारी ठेवला. त्यांनी चष्मा काढून दोन्ही आकडे एकेक करून बोटाने जुळवले आणि म्हणाले, "द्या, कुठे सही करायची?"