डब्लिनमध्ये हार्प शिकतेय आणि मिरज आठवतेय

गेल्या सप्टेंबरपासून मी हार्प शिकतेय, म्हणजे उभ्या चौकटीत तारा ताणलेलं, बोटांनी छेडायचं वाद्य. वय ४२, नोकरी इथल्या एका हॉस्पिटलात नर्सची, त्यात नाइट ड्युट्या, घरात दोन मुलं. गावाकडे फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, आत्ता कशाला? खरं सांगायचं तर इथे आल्यापासून हार्प रोज हातात असायचीच, म्हणजे नाण्यावर. आयर्लंडच्या प्रत्येक युरो नाण्याच्या एका बाजूला हार्प असते, पासपोर्टवर असते, सरकारी पत्रावर असते. १९२२ नंतर स्वतंत्र आयर्लंडच्या नव्या सरकारने इथल्या ट्रिनिटी कॉलेजकडच्या जुन्या हार्पवरून ते चिन्ह घेतलं. आपल्याकडे समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर वीणा घेऊन बसलाय ना, ती वीणाही हार्पच्याच जातीची, धनुष्यासारखी वाकलेली. शाळेत फोटो बघितला होता, अर्थ इथे येऊन लागला.

क्लास गुरुवारी संध्याकाळी असतो. आमच्या बाई साठीच्या असतील, सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मला अजून जमत नाही, मी मनात बाईच म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी माझी नखं बघितली आणि खूश झाल्या, कारण नर्सची नखं कायम कापलेलीच. आता हार्प बोटाच्या पेराने वाजवतात, पण पूर्वी आयर्लंडात धातूच्या तारा असायच्या आणि वादक लांब नखं वाढवून त्या छेडायचे. १७९२ साली बेलफास्टला उरलेसुरले हार्पवाले गोळा केले तेव्हा त्यात डेनिस हेम्पसन नावाचे नव्वदी ओलांडलेले आंधळे वादक होते, नखांनी वाजवणारे बहुतेक तेवढेच राहिले होते. एडवर्ड बंटिंग नावाच्या १९ वर्षांच्या पोराला सगळ्यांच्या चाली लिहून घ्यायला बसवलं होतं. त्याने लिहिलं म्हणून आज बाई आम्हाला त्यातलं काही शिकवू शकतात. हे ऐकलं त्या दिवशी बसमध्ये घरी येईपर्यंत दुसरं काही डोक्यात नव्हतं.

वाद्य मागे कलतं आणि उजव्या खांद्यावर टेकतं, त्यामुळे तार वाजली की कानाआधी खांद्याच्या हाडाला कळतं. माझ्या भाड्याच्या हार्पला ३४ तारा आहेत, सगळ्या सारख्या दिसू नयेत म्हणून सा-रे-ग सारखं इथलं जे सी-डी-ई, त्यातल्या सी च्या तारा लाल आणि एफ च्या काळ्या. करंगळी वापरायचीच नाही. अंगठा वर, बाकी तीन बोटं खाली, आणि तार छेडायच्या आधी पुढच्या तारांवर बोटं ठेवून तयार राहायचं, छेडली की बोट तळहातात मिटून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं पण मला नुसतं बोट मिटायला दीड महिना लागला, बोट हवेतच ताठ राहायचं, आणि पेरांना फोड आले ते वेगळेच.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आली, आणि खरं म्हणजे तीच लिहायला बसलेय. इथली पारंपरिक हार्प बऱ्याचदा कानाने शिकवतात. बाई एक ओळ वाजवतात, आपण वाजवायची, परत त्या, परत आपण, कागद बंद. क्लासमध्ये पियानो शिकलेले दोघं आहेत, त्यांना कागद नसला की फार अवघड जातं. मी लहानपणी मिरजेत गाण्याच्या क्लासला अशीच शिकले, गुरुजी म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो, वही उघडली की ओरडा बसायचा. आणि आमचं घर सतारमेकर गल्लीच्या जवळ, शाळेतून येताना दुकानात पंढरपूरकडचे मोठमोठे भोपळे रचलेले दिसायचे, आत कोणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जमवत बसलेलं असायचं, तीच एक तार शंभरदा वाजायची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावची खास वस्तू म्हणून मानांकन मिळालं तेव्हा मी इथे नाइट ड्युटीच्या ब्रेकमध्ये बातमी वाचली आणि डोळे भरून आले. तो आवाज कानात होता हे मला हार्प हातात येईपर्यंत माहीत नव्हतं.

सूर लावताना एकदा मात्र चुकले. किल्ली शेजारच्या खुंटीवर होती आणि छेडत होते दुसरीच तार, सूर चढेना म्हणून पिळतच गेले, आणि शेजारची तार फाडकन तुटली. मुलगा झोपेतून उठून आला. आता किल्ली लावली की डोळे वरून खालपर्यंत तारेवरून फिरवते, मगच पिळते.

प्रत्येक तारेच्या वर एक छोटी कळ असते, ती उचलली की सूर अर्ध्या स्वराने चढतो. सी-डी-ई मधला ‘जी’ हा स्वर सा धरून वाजवायचं असेल तर काळ्या तारांच्या कळा वर, म्हणजे आपला शुद्ध नी मिळाला. सा कुठेही धरायची सवय आपल्याला असतेच, मला ते समजावून सांगावं लागलं नाही.

सध्या कॅरोलनची एक चाल चालू आहे. टर्लो ओ'कॅरोलन, जन्म १६७०, देवीच्या साथीत १८ व्या वर्षी दृष्टी गेली आणि त्यानंतर तो हार्प शिकला. तीन वर्षांनी घोडा आणि वाटाड्या घेऊन गावोगाव निघाला, ज्या घरी उतरायचा त्या यजमानाच्या नावाने चाल बांधायचा. त्या काळी वादक लहानपणीच सुरुवात करायचे, त्या मानाने तो उशिराचाच. मला त्याचा फार आधार वाटतो.

रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर दोन ओळी वाजवून दाखवल्या. आई ७१ ची आहे, तिने हार्प कधी बघितली नव्हती. म्हणाली, अगं हे तर उभं केलेलं स्वरमंडल. मग जरा थांबून म्हणाली, परत वाजव बघू, मधली एक तार उतरलीय तुझी. मी ट्यूनर लावून बघितलं. लाल तारेच्या खालची, थोडीशी उतरली होती. किल्ली घेतली, तारेवरून डोळे फिरवले, आणि आई फोनवर हं, अजून, अजून जरा, बस, म्हणेपर्यंत चढवत गेले.