आमची वाटचाल : जुनी होडी आणि तिचे पैसे

चिकोडी तालुक्यातल्या नदीकाठावर मोटार रिवायंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून देण्याच्या, दुकानाला कामाची ददात नसते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, तिन्हींच्या काठाने ऊस आणि ऊस म्हटलं की पाणी उचलायच्या मोटारी. दुकान मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुरू केलं. वायंडिंग हे आणि धाकटे दीर बघतात. हिशेब, उधारी आणि बँक माझ्याकडे, म्हणून फर्मही माझ्या नावावर.

आमच्या धंद्याचे दोन भाग आहेत. मिक्सर, पंखे, बोअरच्या मोटारी हे बारमाही काम. त्याचे पैसे हातोहात येतात. दुसरं काम नदीचं. कोयनेचा विसर्ग वाढला, कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेला की फोन सुरू होतात : मोटारी वर काढा. पाणी उतरलं की पुन्हा त्याच मोटारी खाली बसवा, गाळ धुवा, सुकवा, वार्निश मारा, जळालेल्या बांधा. या कामात पैसा जास्त आहे, पण तो उसाच्या बिलावर येतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात बिल चौदा दिवसांत द्यावं असं लिहिलंय. शेतकऱ्याच्या खात्यावर ते कधी पडतं आणि तिथून आमच्या वहीत कधी येतं, हे या भागात कुणाला सांगायला नको.

जॅकवेलपर्यंत, म्हणजे मोटारी बसवलेल्या नदीकाठच्या विहिरीपर्यंत, पोचायचं कसं, हीच खरी अडचण होती. गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं जातात, ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून जातात. चारशे किलोची मोटार, चेनपुली आणि तीन माणसं काहिलीत बसवायची म्हणजे जिवाशी खेळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा काठावरच्या होत्या नव्हत्या त्या होड्या माणसं काढायला लागल्या, आणि ते बरोबरच होतं. पण पूर ओसरल्यावरही जॅकवेलभोवती पाणी होतंच. ज्याची होडी मिळेल त्याच्या मागं फिरावं लागलं, आणि गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलं. तेव्हाच ठरलं, होडी स्वतःची हवी.

नवी फायबरची होडी आणि नवं इंजिन आमच्या ऐपतीबाहेरचं. जुनी घ्यायची तर मालवणकडं चौकशी केली. अठरा फुटी होडी ७५,०००, वापरलेलं आऊटबोर्ड इंजिन ६०,०००, वर टेम्पो, डागडुजी आणि कागदपत्रं मिळून २५,०००. एकूण १,६०,०००.

बँकेत गेले. साहेब भला माणूस. म्हणाले, "अक्का, हळेदु, जुन्या बोटीला लोन कसं देऊ? नवी आणा, कोटेशन आणा, लगेच बघतो." त्यांचंही चुकत नव्हतं. बँकेला दुकानदाराचं कोटेशन लागतं, जीएसटीचं बिल लागतं, पैसे थेट त्या दुकानदाराच्या खात्यावर जातात. जुन्या होडीचा मालक साधा मच्छीमार, तो कोटेशन कुठलं देणार? शिवाय अशा होडीची किंमत ठरवायला तज्ज्ञ आणायचा, विमा उतरवायचा, तर त्या खर्चातच कर्जाची गंमत संपते.

मग एक खासगी फायनान्सवाला घरी आला. कागद कमी, पैसे दोन दिवसांत, व्याज "फक्त बारा टक्के". हा बारा टक्के फ्लॅट होता. एक लाख दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ५,१६७ आणि व्याज २४,०००. तेच बारा टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता ४,७०७ आणि व्याज तेरा हजारांच्या आत. म्हणजे त्याचा बारा टक्के खरा साडेएकवीसच्या घरात जातो. मी वहीवर मांडून दाखवलं तर गडी चहा अर्धा ठेवून उठला. कर्ज घेणाऱ्यानं एवढा एकच प्रश्न आधी विचारावा : व्याज पूर्ण रकमेवर की राहिलेल्या रकमेवर?

रस्ता निघाला तो आमच्याच वहीतून. नव्या वायंडिंग मशीनसाठी आम्ही ९०,००० साठवले होते. मशीन नवं, कोटेशन छापील, बिल पक्कं, म्हणजे बँकेला हवं तसलं. मग मशीनसाठी सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या किशोर गटातून ७५,००० चं कर्ज घेतलं. या गटात पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत मिळतात आणि तारण मागत नाहीत. मार्जिन, म्हणजे आपला वाटा, म्हणून दहा हजार आम्ही घातले. साठवणीतले ८०,००० मोकळे झाले, ते होडीला. मशीनचा महिन्याचा हप्ता बारमाही कामातून जातो, त्याला उसाच्या बिलाची वाट बघावी लागत नाही.

सामायिक जॅकवेलवाल्या शेतकऱ्यांच्या काही गटांनी २५,००० उचल दिली, पावसाळ्याच्या मजुरीतून कापून घ्यायच्या बोलीवर. बिनव्याजी पैसा, पण तो कामाच्या शब्दावर मिळतो, म्हणून माझ्या लेखी तो सगळ्यात जड.

राहिले ५५,०००. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पाटल्या पुढं केल्या. "कपाटात ठेवून काय अंडी घालायच्यात का त्या?" तेव्हा सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं, आम्ही त्याहून पुष्कळ कमी उचललं. महिन्याचा हप्ता नाही, वर्षाच्या आत मुद्दल-व्याज एकदम भरायचं, असं खातं मुद्दाम मागून घेतलं. पावसाळ्याच्या कामाचे पैसे मार्चपर्यंत जमतात, म्हणून मुदत मार्चनंतरची ठेवली.

२०२२ च्या उन्हाळ्यात हे दोघं भाऊ मालवणला गेले. पहिली होडी रंगवून झकास केलेली, पण इंजिन बसतं ती मागची फळी आतून कुजलेली. इंजिन वर उचलून हलवलं तर फळीच वाकायला लागली. दुसऱ्या होडीच्या तळाला नाण्यानं जागोजागी ठोकून बघितलं. आवाज बद्द आला की थर सुटलेत असं समजायचं. तळ चांगला निघाला. इंजिन पिंपातल्या पाण्यात सुरू केलं, थंड करणारं पाणी धारेनं बाहेर पडतंय ते बघितलं, गेज लावून कॉम्प्रेशन तपासलं. मालक म्हणत राहिला, "वयनीक सांगा, इंजिन घरचा आसा." इंजिन चांगलं होतं, पण माझं लक्ष कागदांवर. मासेमारीच्या होडीवर कित्येकदा सोसायटीचं किंवा सरकारी योजनेचं कर्ज असतं, आणि बोजा राहिला तर होडी आपली होत नाही. म्हणून थोडी विसार रक्कम दिली. बाकी पैसे सोसायटीची बेबाकी, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा दाखला, आणि मत्स्य खात्याकडची कागदपत्रं हातात पडल्यावर, बँकेमार्फतच. इंजिनाची होडी नदीत चालवायची तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. ती फी आणि लाइफ जॅकेटं त्या पंचवीस हजारांतच धरलेली.

आंबोली घाटातून होडी टेम्पोवर आली तेव्हा निपाणीपासून पोरं मागं लागली होती म्हणे.

पहिल्याच पावसाळ्यात गटांची उचल फिटली. पाणी चढायच्या आधी मोटारी काढायच्या आणि उतरल्यावर बसवायच्या, ऐन पुरात होडी सोडायची नाही, आणि माणसं भाड्यानं न्यायची नाहीत, हे मामांनी घालून दिलेले नियम. त्यामुळं काही कामं सोडावी लागतात. सोडतो. पुढच्या मार्चमध्ये पाटल्या सुटल्या. आत्यांनी त्या दुसऱ्या दिवसापासून रोज घालायला सुरुवात केली, परत मागायला नकोत म्हणून.

आता होडी ओढायला ट्रेलर हवाय, टेम्पोचं भाडं परवडत नाही. दिरांना भंगारातला एक स्वस्तात मिळतोय. मी बेळगावहून नव्याचं कोटेशन मागवलंय.